आडवी करून निवडलेली गाडी

दादा, ती जावा गाडी मला उचलता आली असती.

हे मी तुला नऊ वर्षं सांगत आले आणि नऊ वर्षं तू मान हलवत आलास. आता मान हलवायला तू नाहीस, तर वाद जिंकल्यासारखं वाटायला हवं. तसं काही वाटत नाही. रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं पार जिन्यापर्यंत बसली होती, भंतेजी वंदना म्हणत होते, आणि मी हात जोडून मनातल्या मनात तुझ्याशी तोच वाद घालत होते. त्या गुरुजींनी गाडी नुसती आडवी करू दिली असती, तर दाखवलं असतं तुला.

माणसं तुझ्याबद्दल चांगलं बोलली. यशवंतभाऊ शांत, यशवंतभाऊ कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. तुझ्याएवढा हट्टी माणूस मी पाहिला नाही, आणि माझं जे काही बरं झालं ते तुझ्या हट्टापायी झालं. हे तिथं उठून सांगायला हवं होतं. पण मला चारचौघांत बोलता येत नाही, तुला माहीत आहे. म्हणून लिहितेय.

मी नर्सिंगचा कोर्स करून उपकेंद्रावर लागले तेव्हा आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. दिंडोरीच्या पुढं, वणीचा रस्ता सोडून तीन मैल आत. पाच गावं आणि त्यांच्या वाड्यावस्त्या माझ्याकडे. एसटी दिवसातून दोनदा यायची, म्हणजे यायची तेव्हा. पोलिओचे डोस आमच्याकडे त्याच सुमाराला सुरू झाले. आरोग्य केंद्रातून थर्मासमध्ये बर्फ आणि लस घ्यायची, एसटी पकडायची, फाट्यावर उतरायचं आणि पुढं पायी. एका चैत्रात एसटी आलीच नाही. मी चालत निघाले. पोचले तेव्हा ऊन डोक्यावरून ढळलं होतं. मारुतीच्या पारावर बाया सकाळपासून पोरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, सगळ्यांची त्या दिवसाची मजुरी बुडालेली. मी थर्मास उघडला तर आत बर्फ नव्हता, कोमट पाणी होतं. त्या लशीचा आता उपयोग नव्हता. मी सगळ्यांना परत पाठवलं. एका म्हातारीनं विचारलं, उद्या येशील का बाई?

रविवारी नाशिकला घरी आले आणि जेवताना हे सांगितलं. तू नेहमीसारखा डावा पाय बाजूला लांब सोडून ताटावर बसला होतास. तू दीड वर्षाचा असताना तो पाय तापात गेला. त्या पायाविषयी आपल्या घरात कधी कुणी काही बोलायचं नाही, जणू तो पाहुणा म्हणून आलाय आणि त्याच्यासमोर त्याचा विषय काढायचा नाही. त्या दिवशीही तू पायाचं काही बोलला नाहीस. हातातला घास तसाच धरून एवढंच विचारलंस, की बर्फ किती वेळ टिकतो. मी म्हटलं, उन्हाळ्यात तीन-चार तास. तू घास तोंडात घातलास आणि जेवण पुरं केलंस.

पुढच्या रविवारी मी आल्या आल्या म्हणालास, "सुमे, तुला मोटारसायकल घेऊ."

आई आधी हसली. मग तुझं तोंड बघून तिचं हसू गेलं. लूना घे म्हणाली, बायका लूना चालवतात, चांगलं दिसतं. तू तिला समजावलंस की लूना शहरातल्या डांबरी रस्त्यावर ठीक, तिकडं पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, मधे दोन चढ, मागं पेटी बांधलेली; ती चढावर दमेल आणि सुमीला पायडल मारत बसावं लागेल. आई म्हणाली, पोरीनं पाय टाकून मोटारसायकलवर बसायचं, लोक काय म्हणतील, उद्या हिला करून कोण घेईल. दोन दिवस ती तुझ्याशी बोलली नाही. दोन स्थळं पुढं खरंच गाडीमुळं परत गेली, तेव्हा आईनं तुला सुनावलं, आणि तू अगदी शांतपणे म्हणालास, "बरं झालं. त्यांना प्लगसुद्धा साफ करता आला नसता." मी मोरीत तोंडाला पदर लावून हसत होते. तुला कधी सांगितलं नाही, पण त्या दिवशी माझ्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं.

पण मूळची गंमत अशी की तू जन्मात मोटारसायकल चालवलेली नव्हती. द्वारका चौकातल्या त्या स्पेअरपार्टच्या दुकानात काउंटरमागं उंच स्टुलावर बसायचास, कुबडी मागच्या रॅकला टेकवलेली, आणि नाशिकमध्ये कुणाला पहिली गाडी घ्यायची असली की तो आधी तुझ्याकडं यायचा. ओझरचे कामगार यायचे, शेतकरी यायचे, नवे लागलेले कारकून यायचे. मी एकदा विचारलं होतं, की तुला हे सगळं कसं कळतं. तेव्हा तू जे सांगितलंस ते मी पुढं कितीजणांना सांगितलं असेल. म्हणालास, "अगं, काउंटरवर सगळे पडलेलेच येतात. कुणी ब्रेकचा दांडा मागतो, कुणी फूटरेस्ट, कुणी दिव्याची काच. मी विचारतो, कसा पडलास? ऐकून ऐकून शिकलो. शिकाऊ माणूस वेगात पडत नाही, सुमे. तो उभ्या गाडीवरून पडतो. वळवताना पडतो, थांबताना पाय पुरत नाही म्हणून पडतो. लोक गाडीचा वेग बघून गाडी घेतात. आधी थांबता येतं का ते बघायला पाहिजे."

नवी गाडी तू पहिल्याच फटक्यात बाद केलीस. नंबर लावून वाट बघत बसायला आपल्याला वेळ नव्हता, आणि शिवाय पहिली गाडी पडणारच, तर आधी कुणीतरी पाडलेली बरी, असं तुझं म्हणणं. मग तीन रविवार आपण जुन्या गाड्या बघत फिरलो.

पहिली बुलेट. देवळालीला एक निवृत्त सुभेदार होते, त्यांची. ती तू मला दाखवायलाच नेलं होतंस, घ्यायला नव्हे, हे मला नंतर समजलं. मी बसले तर दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकले. स्टँडवरून खाली घेतली आणि ती माझ्या अंगावरच यायला लागली, सुभेदारांनी धरली. तू त्यांच्याशी अर्धा तास मजेत बोलत बसलास आणि परत येताना एसटीत मला सांगितलंस की हिचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्यात, इतर गाड्यांच्या उलटं. यावर शिकलीस आणि उद्या दुसरी गाडी हातात आली तर घाईत पाय चुकेल. मी म्हटलं, मग नेलंस कशाला? तू म्हणालास, नसतं नेलं तर आयुष्यभर बुलेट बुलेट करत बसली असतीस.

पण बुलेटचं मला काहीच वाटलं नव्हतं, दादा. माझा जीव बसला तो जावावर.

पंचवटीत त्या अरुंद गल्लीत गुरुजींच्या दारात ती उभी होती. गडद लाल रंग, टाकीच्या दोन्ही बाजू आरशासारख्या चकचकीत. गुरुजी दूरच्या यजमानांकडे पूजेला तिच्यावरून जायचे आणि आल्यावर स्वतःच्या हातानं पुसायचे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं म्हणून विकत होते. मी बसले. दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले. गुरुजींनी किकनंच गिअर कसे पडतात ते दाखवलं, क्लच न दाबताही गिअर बदलतो ते दाखवलं. गाडी चालू केली तेव्हा गल्लीत जो आवाज घुमला तो मला अजून आठवतो. तेवढ्यात गुरुजींच्या बायको दारात आल्या. त्यांनी विचारलं, गाडी कोण चालवणार? तू म्हणालास, ही. त्या माझ्याकडं बघत राहिल्या, मग पुढं येऊन त्यांनी हँडलवर हात ठेवला. बारा वर्षं दारात उभ्या असलेल्या गाडीला त्यांचा बहुधा तो पहिलाच हात असावा.

मी तुझ्याकडं बघितलं. घेऊया ना, असं माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार. आणि तू गुरुजींना म्हणालास, "जरा आडवी करतो."

गुरुजींना कळेचना. तू समजावलंस, की पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी आडवी घालायची आणि पोरीनं एकटीनं ती उचलायची. आडरस्त्याला पडली तर उचलायला कोण येणार? जी उचलता येते ती हिची गाडी. गुरुजी एकदम गाडी आणि तू यांच्या मधे येऊन उभे राहिले. म्हणाले, बारा वर्षांत ओरखडा नाही हिच्यावर, आडवी बिडवी काही करायची नाही. तू म्हणालास, मग राहिलं. आणि वळलास. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. मग भांडले. पार रिक्षा मिळेपर्यंत भांडले. तू म्हणालास, ती तुला उचलता आली नसती. मी म्हटलं, उचलली असती. तिथून सुरू झालं ते.

राजदूत आडगावच्या एका मास्तरांकडे मिळाली. काळी, दिसायला साधी, टाकीवर एक पोचा. मास्तर म्हणाले, पाडा खुशाल, मी दोनदा पाडलीय. तू त्यांच्या अंगणातल्या मातीवर ती आडवी घालायला लावलीस. मी वाकून हँडल ओढलं, हलली नाही. दुसऱ्यांदा ओढलं तर पाठीत कळ आली. तू कुबडीवर टेकून उभा होतास. म्हणालास, हातानं नाही, पायानं उचल. तिच्याकडं पाठ कर, बूड सीटला लाव, एका हातानं हँडल धर, दुसऱ्यानं सीटखालची नळी, आणि मागं रेट. हे तू कधी केलं नव्हतंस, करूही शकत नव्हतास, तरी एकेक गोष्ट अशी सांगितलीस की जणू रोज उचलतोस. मी मागं रेटलं. गाडी उठली. एवढी अचानक उठली की पलीकडं पडते की काय असं वाटलं. मास्तरांच्या घरची सगळी बघायला आली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तू टाळ्या वाजवल्या नाहीस. ब्रेक दाबून बघितलेस, चाकं हलवून बघितलीस, साखळीवर बोट फिरवलंस आणि म्हणालास, हीच.

मी तेव्हाही तोंड वाकडं केलं. दुधाचे कॅन लावतात ती गाडी, म्हटलं. तू म्हणालास, त्यासाठीच. वणीच्या रस्त्याला सगळे दूधवाले हीच चालवतात, तू अडलीस तर ते थांबतील आणि त्यांच्याकडं पाना असेल. गाडी एकटी निवडायची नसते, रस्त्यावरची माणसं बघून निवडायची.

तपोवनात शिकवलंस. पहाटे फिरायला येणारी माणसं थांबून बघायची. एक मुलगी पंजाबी ड्रेस घालून मोटारसायकलवर, आणि कडेला दगडावर बसून कुबडी हातात घेतलेला माणूस ओरडतोय, क्लच, सुमे, क्लच. पहिले चार दिवस तू मला गाडी चालूच करू दिली नाहीस. नुसती ढकलायची, थांबवायची, स्टँडला लावायची, पुन्हा काढायची. मी वैतागले. पाचव्या दिवशी चालू केली आणि दहा फुटांवर पडले. तू जागेवरून हललासुद्धा नाहीस. आई तिथं असती तर धावली असती. तू म्हणालास, कॉक बंद कर, मग रड. मी रडता रडता हसले आणि गाडी उचलली. त्या सकाळी माझी भीती गेली. पडण्याची नव्हे, ती अजूनही आहे. पडल्यावर काय, याची गेली.

लवकरच गाडी घेऊन उपकेंद्रावर गेले. आठवड्याच्या बैठकीला साडीऐवजी पांढऱ्या पंजाबी ड्रेसमध्ये गेले तेव्हा कुजबुज झाली. मोठ्या डॉक्टरांनी माझ्या थर्मासचं झाकण उघडून बघितलं. चार वाड्या फिरून आले होते आणि आत बर्फाचे खडे वाजत होते. त्यांनी झाकण लावलं. त्यानंतर कपड्यांचा विषय कुणी काढला नाही. रविवारी तुला हे सांगितलं तेव्हा तू पहिल्यांदा खळखळून हसलास आणि पुन्हा विचारलंस, किती खडे होते?

दादा, पोलिओचे डोस घालताना मला कायम तुझी आठवण यायची. हे तुला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू विषय बदलला असतास, म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावत आले. खरं कारण वेगळं आहे. त्या पायाबद्दल बोलायची मला सवयच नव्हती.

आणि म्हणूनच तो शब्द माझ्या तोंडून गेला. गाडी घेऊन वर्ष झालं होतं. तू अंगणात ती पुसत होतास आणि सहज विचारावं तसं विचारलंस, "मला एकदा पुढं बसवशील?" मी कपडे वाळत घालत होते. वळूनही न बघता म्हणाले, पडशील. आपल्या घरात तुला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. आईनं नाही, बाबा होते तेव्हा त्यांनीही नाही. तू पुसत राहिलास. मी वळून बघितलं तेव्हा तुझं तोंड नेहमीसारखंच होतं. मला पडताना बघून जागचा न हललेला माणूस, आणि मी त्याला म्हटलं, पडशील.

पुढची चार वर्षं तू पुन्हा विचारलं नाहीस आणि मलाही ते उकरून काढायचं धाडस झालं नाही. मग तू एकदा माझी गावं बघायला आलास. दिवसभर माझ्या मागं बसून फिरलास, कुबडी पेटीला बांधलेली. बाया तुला माझा भाऊ म्हणून चहा देत होत्या आणि तू त्यांच्या नवऱ्यांना साखळीला तेल कधी घालायचं ते सांगत होतास. परत येताना वणीच्या अलीकडं रस्ता सरळ आणि मोकळा लागतो, तिथं मी गाडी थांबवली. तुला वाटलं, बिघडली. मी म्हटलं, ये पुढं.

तू पेटीची कुबडी सोडवून खाली उतरलास. मग कुबडी माझ्या हातात दिलीस. मी गाडी धरली, तू चढलास. मी मागं बसले आणि दोन्ही पाय खाली सोडले. गिअर टाकायला तुझा पाय चालत नव्हता, मी वाकून हातानं दुसरा गिअर टाकून दिला. तू क्लच सोडलास तो इतका हळू, इतका बेतानं, की पंधरा वर्षं चालवणाऱ्यालाही तसा सोडता येत नाही. गाडी निघाली. माझे पाय मातीवरून घासत होते, मग मी वर घेतले. तुझे खांदे सुरुवातीला आवळलेले होते, नंतर सैल झाले. दोन्हीकडं द्राक्षाचे नवे मांडव होते. तू एकदाही मागं वळून बघितलं नाहीस. मैलभर गेलो असू. मग तूच क्लच दाबलास, ब्रेक दाबलास, आणि गाडी जराही न हिसकता उभी राहिली. मी पाय टेकले. तू म्हणालास, "गिअर बदलायचा राहिला."

एवढंच. पुन्हा कधी चालवायचं नावही काढलं नाहीस. त्या मैलानं तुला समाधान दिलं की तुझ्या मनाला चटका लावला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारायला हवं होतं. चार वर्षं ज्यासाठी थांबवलं, त्याबद्दल माफी मागायला हवी होती. घरी येईपर्यंत तू गुणगुणत होतास, एवढ्यावर मी दिवस काढतेय.

आता शेवटच्या भांडणाचं. ते टाळून हे पत्र पुरं होणार नाही.

गेल्या महिन्यात तू माझ्या बदलीचा अर्ज स्वतःच भरून आणलास. शहरातला दवाखाना, घरापासून दहा मिनिटं. म्हणालास, सही कर. मला आधी थट्टा वाटली. तू म्हणालास, रस्त्याला आता ट्रक फार झालेत, नऊ वर्षं फिरलीस, पुरे झालं. मला राग आला. मी म्हटलं, तूच मला गाडीवर बसवलंस आणि आता तूच उतर म्हणतोस? तू म्हणालास, हो, मीच म्हणतोय. मग मी बोलू नये ते बोलले. "तुला रस्त्याचं काय कळतं? तू काउंटरमागं बसून असतोस."

तू अर्जाची घडी घातलीस. कुबडी घेतलीस. दारातून जाताना म्हणालास, गाडीचा मागचा ब्रेक सैल झालाय, दुकानावर घेऊन ये. मी आले नाही. रागात होते. दुसऱ्या आठवड्यात तुझ्या दुकानाच्या शेठचा निरोप आला की तुला छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलंय. मी गाडी घेऊन निघाले, आणि पोचले तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर आधी आल्या असतात तरी उशीरच झाला असता. ते मला धीर द्यायला म्हणाले असतील.

रविवारी कार्यक्रम संपून माणसं पांगली तेव्हा निवृत्तीभाऊ थांबले होते. तुला निवृत्तीभाऊ माहीत आहेत. पहिल्या पावसाळ्यात फाट्यावर माझा प्लग काळा पडला तेव्हा दुधाचे कॅन उतरवून थांबले होते ते. मला वाटत होतं, तुझी त्यांची ओळख माझ्यामुळं, आणि तीही नुसती तोंडओळख. टोपी हातात घेऊन कोपऱ्यात बसले होते. मी चहा दिला. ते म्हणाले, "ताई, एक सांगू का? भाऊनं सांगू नका म्हनलं होतं. पन आता काय."

मग त्यांनी सांगितलं. द्वारकेला तुझ्या दुकानाशेजारच्या हॉटेलात ते रोज सकाळी दूध घालतात. आपल्या रस्त्याचे आणखी तीन-चार जण घालतात. पहिल्या वर्षापासून तू रोज दुकान उघडायच्या आधी त्या हॉटेलाच्या पायरीवर येऊन बसायचास आणि येणाऱ्या प्रत्येक दूधवाल्याला विचारायचास, आमची सुमन दिसली का? कुणी म्हटलं, दिसली, अमुक फाट्याला होती, की बरं म्हणायचास आणि उठून दुकानात जायचास. नाही म्हटलं तर पुढच्याची वाट बघायचास.

"नऊ वर्सं, ताई. पावसात बी. तुमी रजेवर असल्या म्हंजी त्ये सोताच सांगायचे, आज नाय दिसायची, घरी हाय. एकदा तुमाला ताप आला व्हता, तीन दिस कुनालाच दिसल्या नाय. लय कासावीस झाले व्हते. मंग मलाच म्हनले, निवृत्ती, जरा आत जाऊन बघून ये. मी आलतो, आठवतं का? शेळीच्या औषिदाचं विचारायला."

मला आठवलं. मी तापात होते आणि हे दारात उभे राहून शेळीला काय द्यावं ते विचारत होते. मी चिडून म्हटलं होतं, मी माणसांची नर्स आहे.

दादा, मी तुला म्हटलं होतं, तुला रस्त्याचं काय कळतं. त्या रस्त्यावरचं एकेक वळण तुला रोज सकाळी कळत होतं. मी त्यावरून एकदा जायचे. तू त्यावर माझी वाट बघायचास, आणि वाट बघणाऱ्याला ते अंतर किती लांब होतं हे आता मला समजतंय. तू अर्ज आणलास तेव्हा तू भित्रा झालास असं मला वाटलं. तू नुसता दमला होतास. एक वाक्य बोलला असतास तर मी सही केली असती. कदाचित म्हणूनच बोलला नाहीस. माझ्या धास्तीनं हिनं गाडी सोडू नये, असं तुझ्या मनात असेल. मग अर्ज कशाला आणलास? की दोन्ही मनात होतं? हे मी आता कुणाला विचारू?

अर्ज तुझ्या शर्टाच्या खिशात सापडला. आईनं मला दिला. मी त्यावर सही केलेली नाही. करणारही नाही, निदान सध्या तरी. यावर तू काय म्हणाला असतास ते मला ठाऊक आहे, आणि त्यावर मी काय म्हटलं असतं तेही.

काल सोमवारी मी कामावर गेले. आई म्हणाली, आणखी आठवडाभर थांब. पण डोसांचा दिवस होता. केंद्रातून बर्फ घेतला, पेटी बांधली. ऊन नुकतं वर आलं होतं. फाट्याच्या अलीकडं समोरून निवृत्तीभाऊ येताना दिसले, दोन्ही बाजूंना कॅन. जवळ आल्यावर त्यांनी गाडी हळू केली, हात वर केला आणि म्हणाले, "दिसल्या बरं का ताई. सांगतो भाऊला."

नऊ वर्षं मला बघितलं की मनातल्या मनात म्हणायचे, ते काल तोंडातून बाहेर पडलं. पडल्याबरोबर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ब्रेक दाबला, पाय खाली टेकला आणि खाली मान घालून उभे राहिले.

मग मी म्हणाले, "सांगा."

त्यांनी मान वर केली, टोपी सारखी केली, आणि गाडी नाशिककडं काढली. मी पुढं निघाले. पारावर बाया पोरं घेऊन बसल्या होत्या.